परका हात

प्रदर्शनातली सगळी कारवानी कुत्री प्रयोगशाळेत घडवलेली होती. कुणीही कुरवाळलं तरी शेपटी हलवत होती. रांगेच्या टोकाला इंदुमती गरड उभी होती, त्याच प्रयोगशाळेनं ‘सदोष’ म्हणून मारायला काढलेल्या बिजलीला घेऊन. बिजलीला तिनं वाचवलं होतं खरं, पण आज तिनं पट्टा घट्ट धरून ठेवला होता.

म्हाताऱ्या परीक्षकांनी, शिरोळ्यांनी, हात पुढे केला. बिजली दात विचकून गुरगुरली.

“बाद करा तिला!” प्रयोगशाळेचा माणूस ओरडला.

“का म्हणून?” शिरोळे खुशीत हसले. “परक्याला अंगाला हात लावू देत नाही, तोच कारवानी! तुम्ही नेमकं तेच काढून टाकलंत. पोरी, मला वाटलं होतं ही जात संपली.”

टाळ्यांच्या कडकडाटात त्यांनी मानाची ढाल इंदुमतीच्या हाती दिली, बिजलीपासून अदबीनं लांब उभं राहून.