तळघरातला फोन

गप्प बसण्यात ऑपरेटरबाईंचा चार वर्षांचा फायदा होता. निवृत्तीला तेवढीच उरली होती.

कचेरीत फोनची नवी यंत्रणा बसली होती. आता कुठल्याही टेबलावरून रुग्णवाहिका बोलावली, की मजला आणि खोली आपोआप रुग्णवाहिकावाल्यांच्या पडद्यावर उमटणार होती. सव्वीस वर्षं हे काम बाईंच्या तोंडाने केलं होतं. तो प्रत्येक फोन त्यांच्या बोर्डावरून जाई, आणि ‘मागच्या दाराने या, जिना डावीकडे’ हे त्या सांगत. महिनाभर सगळं सुरळीत चाललं, तर बोर्ड निघणार होता. बोर्डापाठोपाठ बाईही.

यंत्रणा ज्या यादीवरून जागा ओळखणार होती, ती साहेबांनी सहीसाठी पुढे सरकवली. “कोणाचा फोन कुठे, एवढंच बघायचंय. बरोबरच असेल म्हणा.”

बरोबर कुठली? इथे जागा बदलली की माणूस फोन काखोटीला मारून नेई. नंबर सगळ्यांना पाठ, तो कोण सोडणार? यादीत भांडारवाले दुसऱ्या मजल्यावर होते; गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ते तळघरात बसत. असे आणखी आठजण. साहेबांना त्यातला एकही ठाऊक नव्हता, बाईंना सगळे. एकदा रुग्णवाहिकेची माणसं चुकीच्या मजल्यावर गेली असती, तर साहेब धावत बोर्डाकडे आले असते.

बाईंनी झाकण लावलेलं पेन तसंच धरलं. तेवढ्यात बोर्डावर दिवा लागला.

“ताई, आहात अजून? की काढलं?” भांडारवाले.

“काढतायत. तुम्ही त्या बिळातच ना?”

“मग? वर कोण चढवणार मला, तुम्ही?”

“माझेच पाय मला जड झालेत,” बाई म्हणाल्या. फोन ठेवला, झाकण काढलं आणि नऊ जागा दुरुस्त केल्या.

विसाव्या दिवशी रुग्णवाहिकेची माणसं आली. वाट सांगायला बाई उठल्या, तोवर ती स्ट्रेचर घेऊन तळघराचा जिना उतरलीसुद्धा होती. बाई पुन्हा बसल्या.

दीड महिन्याने भांडारवाले कामावर परतले. पाच मिनिटं उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले होते. हे आधी ताईंना सांगायचं, म्हणून त्यांनी सवयीने बोर्डाचं शून्य दाबलं.

“आपण लावलेला क्रमांक,” एक ताजातवाना आवाज म्हणाला, “कायमचा बंद करण्यात आला आहे.”