मागचे दिवे

"ब्रेक दाबा," गाडीच्या मागे उभा असलेला हवालदार ओरडला.

नंदकिशोरांनी ब्रेक दाबला.

"दोन्ही लागतायत. चला, पुढे घ्या."

लिंक रोडवर आठवडाभर ही तपासणी चालली होती. ज्याचे मागचे दिवे लागत नाहीत, त्याची गाडी बाजूला. नंदकिशोरांची सुटली. घर बोरिवलीत, दोन सिग्नलांवर. पण त्यांनी पुढच्या चौकातून गाडी वळवली आणि कांदिवलीचा रस्ता धरला. तीन महिन्यांपूर्वी हा हवालदार इथे उभा असता तर त्यांची गाडी बाजूला घेतली गेली असती, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

दार कमलताईंनी डाव्या हाताने उघडलं. उजव्या हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण बोटं अर्धवट वाकलेलीच होती. एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायच्या त्या. आता तिथे नुसत्या पावत्या फाडत होत्या.

"अहो, बघा कोण आलंय. ते गाडीवाले काका."

शिवदास लगबगीने बाहेर आले. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली.

"तुमचे उपकार आहेत साहेब. मुलाने तुमच्या गाडीची वाट लावली, तरी तुम्ही पैसा मागितला नाही. दुसऱ्या कुणी सोडलं नसतं."

खिडकीजवळ आकाश लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याने मान वर केली, "नमस्ते काका" म्हणाला आणि पुन्हा खाली बघू लागला. बापाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अपघाताच्या दिवशी दुपारी आकाश आईला मोटारसायकलवर मागे बसवून लॅबमध्ये सोडायला निघाला होता. पुढे नंदकिशोरांची गाडी. एक रिक्षा आडवी आली म्हणून त्यांनी करकचून ब्रेक मारला आणि मोटारसायकल मागून येऊन आदळली. रस्त्यावर पडल्या पडल्या मुलगा सांगत होता, "काका, तुमची लाइट लागलीच नाही." त्यावर नंदकिशोर एवढे ओरडले होते की जमलेले लोकही त्यांच्या बाजूने ओरडायला लागले. मागून धडकला त्याचीच चूक, हे सगळ्यांनाच पाठ होतं. पोलिसांनीही तेच लिहिलं. आईला जखमी केल्याची केस मुलावरच लागली.

"मी वेगळंच सांगायला आलोय," नंदकिशोर म्हणाले. "तो खरं बोलत होता. माझे ब्रेकचे दिवे बंद होते."

कमलताई चहा टाकायला वळल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या.

"आमच्या सोसायटीच्या वॉचमनने चार दिवस आधी सांगितलं होतं मला. साहेब, ब्रेक मारला तरी मागे काही लागत नाही. मी म्हटलं, रविवारी बघतो. आपल्याला बसल्या जागेवरून दिसत नाही ना, राहून गेलं. नंतर गॅरेजमध्ये गाडी दिली तेव्हा गुपचूप ब्रेकच्या दिव्यांचा स्विच बदलून घेतला."

"म्हणजे तेव्हा तुम्हाला माहीत होतं?" शिवदासांनी विचारलं.

"तो बोलला त्याच क्षणी आठवलं. म्हणून तर ओरडलो."

खाली भंगारवाल्याची हाक येऊन गेली. मग कमलताई म्हणाल्या, "ही बोटं आता सरळ होणार नाहीत, डॉक्टर म्हणाले. माझं असू दे. पण मीसुद्धा रोज याला बोलले हो. रोज. हे सगळं त्याच्याकडे बघून सांगा."

नंदकिशोर उठले. साठी उलटलेला तो माणूस खिडकीजवळ जाऊन त्या पोरासमोर उभा राहिला.

"आकाश, तुझी काही चूक नव्हती. मी पोलिसांना लिहून देतो. आत्ता चल माझ्याबरोबर."

आकाशने लॅपटॉप मिटला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आजारी माणसाशी बोलावं तसा तो हळू बोलला.

"जाऊ द्या ना काका. आईचा हात बघून तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून बोलताय. मी खूप वेळा आठवून बघितलंय. लागली होती लाइट. आता तर मला दिसते पण. माझंच लक्ष नव्हतं."

"नाही रे, अरे नव्हती लागली!"

"मग मी ब्रेक लवकर मारायला हवा होता. आई बसली होती मागे."

आणि तो पाणी प्यायला आत गेला. नंदकिशोर त्या रिकाम्या खिडकीसमोर तसेच उभे राहिले. तीन महिन्यांत त्यांनी मनातल्या मनात कितीदा कल्पना केली होती, की हा पोरगा चिडेल, शिव्या घालेल, कदाचित अंगावर येईल. तो आपल्यावर विश्वासच ठेवणार नाही, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

शिवदासांनी खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला. "चला. मी येतो तुमच्याबरोबर."

पोलीस ठाण्यात नंदकिशोरांनी दोन पानं लिहून दिली. तारीख, वॉचमनचं नाव, गॅरेजचं नाव, स्विच. अधिकाऱ्याने वाचलं, वर बघितलं, पुन्हा वाचलं. तुमच्यावर कारवाई होईल, म्हणाला. नंदकिशोर हो म्हणाले आणि सही केली.

बाहेर आल्यावर शिवदास गाडीत बसले नाहीत. फुटपाथवरच उभे राहिले. त्यांना खूप काही बोलायचं असावं, असं नंदकिशोरांना वाटलं, आणि ते ऐकून घ्यायला त्यांनी मान खाली घातली.

"तीन महिने झाले, मी पोराशी एक शब्द बोललेलो नाही," शिवदास म्हणाले. "आता घरी जाऊन पहिलं काय बोलू, ते सांगा."