दिल्ली ते बडोदे, दीड तास

“अहमदाबादला उतरवलं रे विमान. धुकं आहे म्हणे,” विश्रामकाका नऊ पन्नासला फोनवर म्हणाला. “मोटार केलीय. निघालोय.”

अविनाशने बडोद्यात, वासण्याच्या मंगल कार्यालयाच्या गच्चीवरून आकाशाकडे पाहिलं. ऊन लख्ख होतं. दिल्ली ते बडोदे हवाई अंतर आठशे किलोमीटर, वेळ दीड तास. आठचं विमान नऊ बत्तीसला बडोद्यातच उतरल्याचं त्याच्या मोबाइलवर स्वच्छ दिसत होतं.

म्हणजे काकाने विमान चुकवलं होतं. आजोबांना घेऊन यायचं, एवढं एकच काम होतं त्याच्याकडे!

“चुकवणारच तो,” नलिनीआत्या म्हणाली. “स्वतःच्या साखरपुड्याला गाडी चुकवली होती त्यानं.”

मुहूर्त अकरा अठ्ठेचाळीसचा. नवरामुलगा गुरुवारी कॅनडाला परतणार. पुढची रजा दोन वर्षांनी. आणि नवरीमुलगी, अविनाशची बहीण नयना, हट्टाला पेटली होती.

“आजोबा आल्याशिवाय मी बोहल्यावर चढायची नाही, अवि. सांगून ठेवते.”

सव्वादहाला काकाचा पुन्हा फोन आला. “आणंद गेलं बघ.”

अविनाशने मनात भागाकार केला. पंचवीस मिनिटांत पंच्याहत्तर किलोमीटर, म्हणजे ताशी एकशे ऐंशी. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेल्या माणसाला ही थाप! धड खोटं बोलायचीही अक्कल नाही.

“काका, मोटारच केलीत ना? की दुसरं विमान?”

“रस्ता मोकळा आहे.”

“आजोबांना द्या फोन.”

“झोपलेत रे. दमलेत.”

अकराला तिसरा फोन. “टायर बसलाय. आम्हाला उशीर होईल. आजोबा म्हणतात, मुहूर्त चुकवाल तर मी मांडवात पाऊल टाकणार नाही. नयनाला असंच सांग, त्यांच्याच शब्दांत.”

“झोपेत म्हणाले वाटतं?”

“सांगशील ना, अवि?”

अविनाशने फोन ठेवला. स्वतःचं नाक वाचवायला हा माणूस म्हाताऱ्याचं नाव वापरत होता. सगळ्यांसमोर याचं पितळ उघडं पाडावं, असं त्याला फार वाटलं. पण मग नयना हलली नसती. नाइलाजाने त्याने निरोप पोचवला.

नयनाने डोळे पुसले. “खरंच असं म्हणाले?”

“खरंच,” तो म्हणाला. काकाची थाप आपल्या तोंडून जाताना त्याला किळस आली.

ती उठली. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकांत गुरुजींचा आवाज चिरकला, वऱ्हाडी हसले. बरोबर अकरा अठ्ठेचाळीसला अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. पाठोपाठ कन्यादान, सप्तपदी.

सव्वाला काकाचा फोन आला. अविनाश जिन्यात जाऊन उभा राहिला. सगळी वाक्यं तयार होती.

“सप्तपदी झाली?” काकाने आधी विचारलं.

“झाली. तुमच्यावाचून काही अडलं नाही. आता तरी खरं बोला. नऊ बत्तीसला उतरलं विमान, आणि तुम्ही दिल्लीतच आहात. चुकवलंत ना?”

“चुकवलं नाही. पहाटे तिकिटं रद्द केली.” काका म्हणाला, “दादाला, तुझ्या बाबांना, बाजूला घेऊन सांग, अवि. आजोबा चार वाजता गेले. आता सुतक धरलं तरी चालेल.”