न्यायला आलेला माणूस

मुंबईतली टोळी सोडून नूरुद्दीन दुबईजवळ उम्म अल कुवैनला आला आणि मासळीच्या धंद्यात रमला. एका दुपारी जुन्या भाईचा माणूस, सत्तार, दारात उभा राहिला.

"सत्तारभाई, माझं ते सगळं खलास झालं. हात जोडतो, मला नेऊ नका."

सत्तार हसला. "तुला कोण नेतंय? चहा पाज."

नूरुद्दीनचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्याचा मुलगा तहा बॅग घेऊन आतून आला. बापाकडे न बघताच म्हणाला, "यल्ला अंकल, आय ॲम रेडी."

दोघं गाडीत बसले. नूरुद्दीन अनवाणीच धावला, गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "सत्तारभाई, मी येतो. मला न्या."

सत्तारने काच वर केली.