लाभ, दोन, तीन

दहावं उरकल्यावर तानूबाईनं नवऱ्याचं फुटाणे मापायचं पितळी चिपटं हाती घेतलं. बाजारात पाटी आता तिलाच मांडायची होती. तेव्हाचा हिशेब सोपा होता, पायलीची चिपटी सोळा. पायलीभर फुटाणे मोजताना पहिल्या मापाला रीतीप्रमाणे ‘एक’ न म्हणता ती ‘लाभ’ म्हणाली, मग दोन, तीन... सोळा झाली तरी फुटाणे उरलेच. भरली अठरा.

तिनं माप उलटं केलं. बूड आत ठोकलेलं होतं. त्या दोन चिपट्यांवरच घराचं तेलमीठ चाललं होतं.

बाजारात पहिलीच म्हातारी म्हणाली, “मालकाच्याच मापानं दोन चिपटी घाल गं. असा सचोटीचा माणूस व्हायचा नाही.”

तानूबाईनं चिपटं भरलं, वर मूठभर फुटाणे टाकले. ‘लाभ’ तोंडातून निघेना.

“एक,” ती म्हणाली.