मंगळवारचा नारळ

नारळ कढईच्या लोखंडी काठावर फुटला आणि पाणी बाहेर सांडायचं ते आत गेलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग उकळतं डांबर फसफसत वर आलं आणि उडालं. पार्वताबाई मागे सरकल्या. समोर सळईने ढवळत असलेल्या संघपालला सरकायला जागाच नव्हती. त्याचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत काळा झाला.

मूर्तिजापूरबाहेरच्या त्या आवारात मोडलेल्या छपरांचे डांबरी पत्रे यायचे. बाया खिळे उपटायच्या, तुकडे करायच्या. संघपाल ते वितळवायचा, नव्या रस्त्यांच्या डांबरात मिसळायला. दर मंगळवारी भट्टी पेटायच्या आधी पार्वताबाई नारळ फोडत. आज त्यांची अकोल्याची गाडी उशिरा आली, तोवर भट्टी पेटली होती.

"राहू द्या आज, मावशी," संघपाल म्हणाला होता. मग त्यांचा चेहरा पाहून हसला होता. "बरं, फोडा. तुमचा देव अन् माही भट्टी, दोघंही लवकर तापतेत."

आता पार्वताबाईंनी पिण्याच्या पाण्याचा डबा त्याच्या हातावर रिता केला. डांबर थिजलं. त्या पदराने ते सोडवायला गेल्या.

"ओढू नका," तो दात आवळून म्हणाला. "कातडं संगं येईन."

मालक वामनराव धावत आले. त्यांनी हात पाहिला, कढई पाहिली.

"ओले पत्रे टाकले काय रे?"

पार्वताबाईंचे ओठ हलले. नारळाचं एक भकल पायाशी पडलं होतं. मालकांची नजर तिकडे वळायच्या आत त्यांनी त्यावर लुगड्याचा घोळ सोडला, आणि वर पाऊल ठेवलं.

"हो," संघपाल म्हणाला. "मीच पाह्यलं नाई."

"किती खेप सांगतलं तुले, वाळल्याबिगर टाकू नको म्हणून!" वामनरावांचा आवाज चढला आणि हात पाहून खाली आला. "दवाखान्याचं मी पाहतो. पण भट्टीवर आता तू नको."

"मालक..." पार्वताबाई म्हणाल्या.

"काय?"

संघपालने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो फाटकाजवळ उभ्या ऑटोकडे चालू लागला होता.

"काही नाई," त्या म्हणाल्या.

कोणीतरी भट्टीतली लाकडं बाहेर ओढली. बाया पुन्हा खिळ्यांकडे वळल्या. वामनराव जाता जाता थांबले.

"पार्वताबाई, तुमचा पोरगा शेखर रिकामाच हाये ना? उद्यापासून भट्टीवर पाठवा त्याले."

दोन वर्षांपासून त्या देवाजवळ हेच मागत होत्या.

"हो जी," त्या म्हणाल्या. पाऊल अजून उचललं नव्हतं.

ऑटो सुरू झाला. कुठेही टेकणार नाही असा हात अधांतरी धरून संघपाल बाहेर वाकला.

"मावशी, शेखरले सांगजा. पुऱ्या बाह्यांचा शर्ट घालून ये म्हणा."