न तुटणारं हाड

एक्स-रे खाली ठेवत डॉक्टर म्हणाले, "आतड्यात रबराचा तुकडा अडकलाय. थोडं आधी आणलं असतं तर काढता आला असता."

हा तुकडा आला कुठून, ते निरंजनला कळेना. कुत्र्याच्या या एवढ्याशा पिल्लाने सोफा, चपला, वायरी, सगळं कुरतडलं होतं. कुठलंच खेळणं संध्याकाळपर्यंत टिकत नव्हतं. शेवटी वैतागून त्याने दुकानातलं सगळ्यात टणक रबरी हाड आणलं आणि लेकीला बजावलं, "ऋचा, हेही तोडलं तर याला देऊन टाकणार." त्यानंतर काही तुटल्याचं त्याच्या कानावर आलं नव्हतं.

थोड्याच वेळात पिल्लाने टेबलावर मान टाकली.

ऋचा बाहेर बाकावर बसली होती. निरंजन तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "रस्त्यावरचं काहीतरी खाल्लं गं त्याने," तो म्हणाला.

"नाही बाबा. त्याने हाडाचा तुकडा गिळला. मी पाहिलं. उरलेलं हाड मीच लपवलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू त्याला देऊन टाकलं असतंस."

निरंजन तिच्याशेजारी बसला. तिला जवळ घ्यायला त्याने हात पुढे केला, तशी ती दचकून मागे सरकली.